मंडळीचा सेवकवर्ग सांभाळताना: पाळक आणि पास्टोरेट कमिटीसाठी

जालना, परभणी, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मध्यम मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पगारी माणसं मोजून चार ते सहा असतात. पाळक, खेडोपाडी सुवार्ता सांगणारा एखादा सुवार्तिक, घरोघरी भेटी देऊन प्रार्थना करणारी बायबल बाई, अर्धवेळ क्लार्क, मंदिर सेवक, आणि कुठेकुठे महिन्याचं मानधन घेणारा कीबोर्डवाला. त्यांच्याभोवती संडे स्कूलच्या शिक्षिका, क्वायर, तरुण संघ, महिला मंडळ आणि पंच (कमिटीचे सदस्य) असे पंधरा-वीस बिनपगारी हात. एवढ्याशा जथ्याला कसलं आलंय व्यवस्थापन, असं वाटतं. पण इथला प्रत्येक कामगार मंडळीचा सभासदही असतो, कुणाचा तरी मेहुणा असतो आणि कमिटीच्या निवडणुकीत मतदारही असतो. शनिवारी झाडलोटीवरून ज्याला बोलायचं, त्यालाच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, द्यायचं. नोकरीचं नातं आणि मंडळीचं नातं एकमेकांत मिसळलं की दोन्ही नासतात. पुढे जे सांगितलं आहे, ते बहुतेक या दोन नात्यांमध्ये कागद कसा ठेवायचा याबद्दल आहे.

‘सेवा’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. पगार थकला की ‘सेवा आहे, सोसा’, काम चुकलं की ‘सेवा आहे, सांभाळून घ्या’. एकच शब्द दोन्हीकडून ढाल होतो. सेवेची भावना मनात असावी, कामाचे तास मात्र कागदावर असावेत.

पहिले पंधरा दिवस: एकच तक्ता

नवीन पाळक आला, किंवा नवी कमिटी निवडून आली, की आधी एक तक्ता करा. मोठ्या वहीचं एक पान पुरतं. रकाने असे: नाव, काम, कधीपासून, महिन्याला किती, पैसे कुठून येतात, नेमणुकीचं पत्र आहे की नाही, कामाचा हिशेब कोणाला देतो, कंपाउंडमध्ये राहतो का, उचल बाकी किती.

‘पैसे कुठून येतात’ हा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. धर्मप्रांताच्या (बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) मंडळ्यांत पाळकाचा पगार धर्मप्रांत कार्यालयातून, मंदिर सेवकाचा स्थानिक दानातून आणि सुवार्तिकाचा एखाद्या हितचिंतकाकडून, अशी तीन तोंडं असू शकतात. ज्याचा पगार धर्मप्रांत ठरवतो, त्याला कमिटी परस्पर काढू शकत नाही. ज्याचा पगार मंडळी देते, त्याला पाळक एकटा वाढवून देऊ शकत नाही. हितचिंतक परदेशात असेल आणि पैसे पाळकाच्या किंवा सुवार्तिकाच्या खाजगी खात्यावर येत असतील, तर तो प्रकार तिथेच थांबवा. परदेशी देणगीसाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात उतरवता येतात, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाहीत. ‘आमची संस्था घेते आणि तुम्हाला देते’ असं कोणी सांगितलं तर हात जोडा.

तक्ता भरताना नेमणुकीच्या पत्राच्या रकान्यात बहुधा सगळीकडे ‘नाही’ येईल. जुन्या माणसालाही आजच्या तारखेचं पत्र द्या आणि त्यात ‘अमुक वर्षापासून कामावर आहेत’ असं नमूद करा. जुनी सेवा पुसली जात नाही हे दिसलं की माणूस घाबरत नाही आणि सही करतो.

हुकूम एकाचाच

आपल्याकडची म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. मंदिर सेवकाला सेक्रेटरी सांगतात खुर्च्या हॉलमध्ये लावा, पाळकसाहेब सांगतात मंदिरात लावा, महिला मंडळाच्या अध्यक्षा सांगतात आधी चहाचं बघा. शेवटी तो कुणाचंच करत नाही, आणि तिघंही म्हणतात हा ऐकत नाही.

वाटणी सरळ ठेवा. उपासना, भेटी, सुवार्ता आणि शिकवण यांची माणसं, म्हणजे सुवार्तिक, बायबल बाई, कीबोर्डवाला आणि संडे स्कूल, पाळकाच्या हाताखाली. इमारत, हिशेब आणि वस्तू यांची माणसं, म्हणजे मंदिर सेवक आणि क्लार्क, सेक्रेटरींच्या हाताखाली. रविवारी सकाळी मात्र मंदिर सेवकही पाळकाचंच ऐकेल, एवढा अपवाद लिहून ठेवा. बाकी पंचांना काही सांगायचं असेल तर त्यांनी सेक्रेटरींना सांगावं. हा ठराव कमिटीच्या प्रोसिडिंगमध्ये घ्या आणि त्याची प्रत कामगारांनाही वाचून दाखवा, कारण नियम वरच्यांना माहीत आणि खालच्यांना नाही, असं झालं की तो निरुपयोगी.

मंडळी कुठल्या परंपरेची आहे यावर हे थोडं बदलतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन अशा वेगवेगळ्या वळणांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. अमेरिकन मिशनच्या मेथडिस्ट मंडळ्या वेगळ्या राहिल्या. नारायण शेषाद्रींच्या बेथेलपासून स्कॉटिश मिशनचं वळण लागलेल्या जालन्याकडच्या मंडळ्यांत वडिलांचा, म्हणजे मंडळीने निवडलेल्या ज्येष्ठांचा, शब्द जड. अँग्लिकन वळणाच्या जागी पाळकाचा. स्वतंत्र मंडळीत बऱ्याचदा पाळक हाच संस्थापक असतो आणि त्याची बायको खजिनदार असते. तिथे पहिलं काम म्हणजे खजिनदार घराबाहेरचा नेमणं.

कामाचा कागद

मंदिर सेवकाला बऱ्याच ठिकाणी सालगड्यासारखं वागवतात. पाडव्याला ठरवलं, आता वर्षभर चोवीस तास हजर. त्याच्या कामाचा कागद सगळ्यात आधी करा, कारण तो नसल्याचा त्रास सगळ्यात जास्त त्यालाच होतो. रविवारची उपासना ९ वाजता असेल तर नमुना असा:

शनिवारी ४ ते ६: झाडणं, बाकं पुसणं, गीतपुस्तकं रांगेत. झाडणं शनिवारीच का? रविवारी सकाळी झाडलं की काळ्या मातीची धूळ उडते आणि तासाभराने परत बाकांवर बसते. रविवारी फक्त ओलं फडकं फिरवायचं.
रविवारी ७:००: फाटक, खिडक्या, बोअरची मोटर, टाकी भरणं.
७:४५: माईक, अँप्लिफायर, कॉर्डलेस माईकचे सेल, इन्व्हर्टरचा दिवा.
८:१५: प्रभुभोजनाचं टेबल, कापड, पेले मोजून.
८:३० पहिली घंटा, ८:५५ दुसरी.
उपासनेनंतर: पेले कोमट पाण्यात धुणं, मोजून कपाटात, पंखे-दिवे, विसरलेल्या वस्तू वेगळ्या पेटीत, कुलूप.

इन्व्हर्टरसाठी कागदावर वेगळी ओळ ठेवा. १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी चार पंखे आणि लहान अँप्लिफायर साधारण दोन तास ओढते, जुनी झाली की तासावर येते. डिस्टिल्ड वॉटर महिन्यातून एकदा बघायचं, एप्रिल-मे मध्ये दर पंधरा दिवसांनी. ‘कोणीतरी बघतं’ असं जिथे असतं, तिथे शुभ शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत, वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्या-पाचव्याला लाईट जाते आणि माईकही.

कागदाच्या तळाशी तीन गोष्टी हव्यात: आठवड्याचे एकूण तास, आठवड्याची सुट्टी, आणि ‘हे काम त्याचं नाही’. शेवटची ओळ लोक टाळतात. पंचांच्या घरची गॅसची टाकी आणणं, पाळकाच्या मुलांना शाळेत सोडणं, लग्नाच्या मंडपवाल्याला मदत करणं ही कामं त्याची नाहीत, असं स्पष्ट लिहा. आठवड्याची सुट्टी सगळ्यांची सोमवारी येऊ देऊ नका. पाळकाची सोमवारी, मंदिर सेवकाची मंगळवारी, म्हणजे कंपाउंड कधी ओस पडत नाही.

बायबल बाईंच्या कागदात भेटींची संख्या लिहायचा मोह होतो, आठवड्याला वीस घरं वगैरे. संख्या लिहिली की दारातून प्रार्थना करून पुढे जाण्याच्या भेटी वाढतात. बारा घरं पुरेत, त्यातली किमान चार आजारी, एकट्या किंवा बरेच रविवार न आलेल्यांची. खेड्यावर जायचं तर दोघींनी, आणि दिवेलागणीच्या आत परत. प्रवासखर्च पगारात गुंडाळू नका. मोटरसायकलचा दर किलोमीटरला ठरवा. पेट्रोल शंभरावर असताना, परभणीत तर ते राज्यात महाग म्हणून गाजलेलं, ५० चा अॅव्हरेज धरला तरी नुसतं इंधन दोन रुपयांच्या वर जातं. टायर-ऑइल धरून चार रुपये रास्त. ज्या सुवार्तिकाला प्रवासखर्च मिळत नाही, तो लांबची खेडी हळूहळू सोडतो, आणि रिपोर्टात मात्र ती चालूच असतात.

कंपाउंडमधली खोली

हा विषय पगाराहून नाजूक आहे. मिशनच्या काळातल्या क्वार्टरमध्ये कामगाराचं कुटुंब राहतं, तो निवृत्त होतो, मुलगा राहतो, आणि वीस वर्षांनी प्रकरण कोर्टात उभं राहतं. खोली द्यायची तर नेमणुकीच्या पत्रातच लिहा: राहण्याची मुभा नोकरीपुरती, भाडं नाही, नोकरी संपल्यापासून ६० दिवसांत रिकामी करायची, दुसऱ्याला ठेवायचं नाही, बांधकाम करायचं नाही. विजेला सबमीटर बसवा आणि दरमहा वाचन वहीत घ्या. मीटर आणि टॅक्सपावती कामगाराच्या नावावर होऊ देऊ नका. जे कामगार नाहीत त्यांना राहायला दिलं असेल तर लेखी आणि नोंदणीकृत करारच हवा. सार्वजनिक ट्रस्टची इमारत किंवा बिनशेती जमीन तीन वर्षांहून जास्त काळासाठी भाडेपट्ट्याने देताना, किंवा विकताना, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पंचांच्या बैठकीतल्या टाळ्या त्याला चालत नाहीत.

जागेचे जुने कागद निजामकाळातले, म्हणजे उर्दूत असू शकतात. ते वाचून मराठी तर्जुमा करून घ्या आणि दोन्ही एकत्र ठेवा. हे सेवकवर्गाचं काम वाटत नाही, पण हद्द कुठपर्यंत आहे हे मंदिर सेवकाला माहीत नसेल तर अतिक्रमण पहिल्यांदा दिसूनही तो गप्प बसतो.

पगार आणि उचल

पगाराची तारीख एक ठेवा, ५ ही चांगली. रोख देऊ नका, बँकेत टाका, आणि वर्षातून दोनदा तरी पगाराची चिठ्ठी द्या. पुरुष कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार ७,५०० च्या वर आणि १०,००० पर्यंत असेल तर व्यवसाय कर १७५ रुपये. १०,००० च्या वर २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत माफ. भविष्य निर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून लागतो, पण मंडळी, शाळा आणि वसतिगृह एकाच ट्रस्टखाली असतील तर मोजणी एकत्र होऊ शकते, तेव्हा सी.ए.ला विचारून घ्या. किमान वेतनाचा चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळतो. देणं परवडत नसेल तर तास कमी करा. पूर्ण वेळ राबवून अर्धा पगार देऊ नका.

दान वर्षभर सारखं येत नाही, पगार मात्र सारखा जातो. जून-जुलैत बी-बियाणं आणि शाळेच्या फिया, दान खाली. सोयाबीन बाजारात गेलं की ऑक्टोबर-नोव्हेंबरला वर, नाताळात आणखी वर, मग परत उतार. पाऊस रुसला तर हंगामाच्या उपकारस्तुतीचा, म्हणजे पिकाबद्दल आभार मानताना वाहिलेल्या धान्य-वस्तूंचा, लिलावही निम्म्यावर. म्हणून तीन महिन्यांच्या पगाराएवढी शिल्लक वेगळ्या खात्यात ठेवा. समजा सगळ्यांचे पगार मिळून ४८,००० होतात, तर १,४४,०००. एका वर्षात नाही जमणार. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या जमेतला पाव हिस्सा दरवर्षी तिकडे वळवला तर जमतं. आणि ही रक्कम छप्पर किंवा रंगकामासाठी उचलायची नाही, असा ठराव आधीच करा, कारण रंगकामाचा प्रस्ताव येणारच.

उचलीचा नियम लेखी नसेल तर पाळकाचं निम्मं डोकं त्यातच जातं. मर्यादा एका महिन्याच्या पगाराएवढी. फेड सहा हप्त्यांत: ९,००० घेतले तर महिन्याला १,५००. पहिली फिटल्याशिवाय दुसरी नाही. मंजुरी खजिनदार आणि सेक्रेटरी दोघांची, पाळकाची नाही. पाळकाने नाही म्हटलं तर ते कायम लक्षात राहतं, आणि हो म्हटलं तर दुसरा दारात उभा.

घरात आजारपण आलं आणि कामगाराला मोठी रक्कम लागली तर ती उचलीत घालू नका. तो सभासद आहे. इतर सभासदांना मदत निधीतून मिळते तशी त्यालाही मिळावी, परतफेडीशिवाय, कमिटीच्या ठरावाने. वर सांगितलेली दोन नाती ती इथे: उचल हे नोकरीचं, मदत हे मंडळीचं. नोंदीही वेगळ्या वह्यांत.

दानपेटी मोजताना पगारी माणूस एकटा असता कामा नये. नात्यात नसलेले दोन सभासद, उपासनेनंतर लगेच, मंदिरातच. नोटांची वर्गवारी छापील चिठ्ठीवर, दोघांच्या सह्या, सोमवारी बँकेत. धान्य आलं असेल तर वजन करून, लिलाव करून, त्याच दिवशी जमा. हा नियम संशयापोटी नाही. पैसे कमी भरले की पहिलं बोट नेहमी मंदिर सेवकाकडे जातं, आणि त्याच्याकडे स्वतःला वाचवायला काहीच नसतं.

बुधवारची बैठक

आठवड्याला एक, पाऊण तास, ठरलेल्या वेळी. बाजाराचा दिवस टाळा. बसायला खुर्च्या सगळ्यांना सारख्या, मंदिर सेवकालाही. तो दाराशी उभा राहून ऐकत असेल तर ती बैठक नाही, हजेरी आहे.

दहा मिनिटं वचन आणि प्रार्थना, आणि ती प्रत्येकाने आळीपाळीने घ्यायची. दहा मिनिटं मागचा रविवार: काय उशिरा झालं, काय कमी पडलं. पंधरा मिनिटं येणारा रविवार: गीतांचे क्रमांक, वाचक, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, घोषणा. दहा मिनिटं आजारी, शोकातले, परगावी गेलेले. उठण्याआधी क्लार्कने वाचून दाखवायचं: काम काय, करणार कोण, कधीपर्यंत. या तीन रकान्यांपलीकडे इतिवृत्त नको.

वेळा पाळल्या तरच रविवार सुरळीत होतो. गीतांचे क्रमांक कीबोर्डवाल्याला गुरुवारपर्यंत, वाचनाचा अध्याय वाचकाला शुक्रवारपर्यंत, घोषणा क्लार्ककडे शनिवारी दुपारपर्यंत. पाळकांनाच हे जड जातं. संदेश शनिवारी रात्री सुचला आणि गीत बदललं तर दोष कीबोर्डवाल्याच्या माथी मारू नये.

व्हॉट्सअॅपचा एकच कामाचा ग्रुप ठेवा. शनिवारी रात्री ८ नंतर बदल असेल तर फोन करा, मेसेज टाकून ‘सांगितलं होतं’ म्हणू नका. ग्रुपवर कुणाला रागवायचं नाही. कुणाच्या घरातलं भांडण, आजाराचं नाव किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी प्रार्थनेच्या विनंतीच्या रूपातही ग्रुपवर टाकायची नाही. ‘अमक्या बहिणीच्या घरासाठी प्रार्थना करा, तपशील नंतर’ एवढ्यानेही गावभर होतं.

मुलं आणि बिनपगारी हात

संडे स्कूलची पाळी सहा आठवड्यांची लावा, त्याहून लांब लावली की लोक विसरतात. प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, नात्यातली नसलेली. एकट्या मोठ्या माणसाने मुलाला घरी सोडायचं नाही, दार बंद करून शिकवायचं नाही. नवीन शिक्षक सहा महिने मंडळीत दिसल्याशिवाय वर्ग द्यायचा नाही, मग तो पंचांचा पुतण्या का असेना.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविरुद्धचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पंचांनी दोन्ही घरं बसवून मिटवणं, माफी मागायला लावणं, मुलाला दुसऱ्या वर्गात बसवणं, यातलं काहीही चालत नाही.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर संस्थेची अंतर्गत समिती हवी; त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत. बायबल बाईंना ही माहिती नेमणुकीच्या पत्रासोबतच द्या. नंतर कोणी सांगत नाही.

वर्षाचा आराखडा

बहुतेक मंडळ्यांचं वर्ष डिसेंबरभोवती फिरतं. मराठवाड्यात मात्र ऑक्टोबर चुकला तर डिसेंबर हातून जातो. बीड, धाराशिव, जालन्याच्या खेड्यांतून ऊसतोडीला जाणारी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्यातच परततात. त्यांच्यासाठी नाताळ गावात नसतोच. म्हणून सप्टेंबरमध्येच सुवार्तिकाने गाववार यादी करायची: कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, मुलं मागे कुणाकडे राहणार, म्हातारं माणूस एकटं पडतंय का. जाण्याआधी त्यांची उपकारस्तुती आणि प्रभुभोजन. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे बायबल बाईंची पंधरवड्याला एक फेरी. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचे) वर्ग अशा गावांत मे-जूनमध्येच घ्या, नोव्हेंबरात सुरू केले तर अर्धे उमेदवार फडावर असतात.

नाताळची कामं नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीत वाटा. गीतफेऱ्यांच्या रात्री मोजून सहा ठेवा. दहा ठेवल्या की क्वायरचा आवाज २४ तारखेला बसलेला असतो. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, राज्याने त्या दिवशी सूट जाहीर केली असेल तरच मध्यरात्रीपर्यंत. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेचा अर्ज पोलीस ठाण्यात पहिल्या पंधरवड्यातच द्या. डिसेंबरात आणि दुःखसहनाच्या आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) कुणाला रजा मिळत नाही, हे खरं. मग जानेवारीत तीन आणि ईस्टरनंतर दोन दिवस भरपगारी रजा ठरलेलीच असू द्या, मागायला न लावता.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. उपासना सकाळी ७:३० ला आणा, सुट्टीतली बायबल शाळा ७:३० ते १०:३०, मुलामागे एक लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. टँकर लागत असेल तर आठ दिवस आधी सांगा. मंदिर सेवकाची सुट्टीची वेळही तेवढीच लवकर करा, नाहीतर तो पहाटे ५ पासून संध्याकाळपर्यंत अडकतो.

लग्नसराईचं थोडक्यात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळातच लागतं, ठराविक परवान्यांचे अपवाद सोडून. वऱ्हाड उशिरा येणार हे गृहीत धरून पत्रिकेत ४ ची वेळ छापायला लावा. वयाचे दाखले, नोटीस, रजिस्टरची पानं क्लार्कने आदल्या दिवशी तपासायची. मंदिर सेवकाचं लग्नाचं मानधन ठरवून पावतीवर घ्या. बक्षिसावर सोडलं की श्रीमंताच्या लग्नात पडदे धुतले जातात आणि गरिबाच्या लग्नात बाकंही पुसली जात नाहीत.

चूक झाली तर

पहिल्यांदा: दोन दिवसांच्या आत, एकट्यात, बसून. काय झालं तेवढंच बोला, ‘तुम्ही नेहमीच’ हा शब्द नको. तो वयाने मोठा असेल तर अहो-जाहोच, काका-मावशी म्हणत असाल तर तेच चालू ठेवा. रागात एकदम ‘मिस्टर’ आणि आडनाव वापरलं की पुढचं काही ऐकलं जात नाही. दुसऱ्यांदा: तेच, पण तारखेसह वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या. तिसऱ्यांदा: सेक्रेटरींचं पत्र, सात दिवसांत लेखी उत्तर. उत्तर आल्यावर कमिटीपुढे त्याला बोलायची संधी, सोबत एक माणूस आणायची मुभा. त्याच्या नात्यातल्या पंचांनी तेवढा वेळ बाहेर बसायचं. पैशाची अफरातफर किंवा मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर ही पायरी-पायरी नाही, त्याच दिवशी कामावरून बाजूला आणि चौकशी.

व्यासपीठावरून टोमणा कधीच नाही. ‘काही जण प्रभूच्या मंदिरात उशिरा येतात’ हे वाक्य कुणासाठी आहे ते पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत कळतं, आणि ज्याला लागतं त्याला उत्तर द्यायला व्यासपीठ नसतं. प्रभुभोजन नाकारणं, मुलीचं लग्न लावायला टाळाटाळ करणं, दफनभूमीच्या जागेवरून अडवणं, ही नोकरीतल्या चुकीची शिक्षा होऊ शकत नाही. उलटही खरं: कामगाराने कमिटीच्या निवडणुकीत कुणाला मत दिलं, हे त्याच्या कामाच्या वहीत येत नाही.

काढायची वेळ आलीच तर हिशेब त्याच दिवशी चुकता करा: थकलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे, उचल वजा, खोलीसाठी ६० दिवसांचं पत्र, किल्ल्यांची पोच. आणि पुढच्या आठवड्यात बायबल बाईंनी त्याच्या घरी भेट द्यावी. नोकरी संपली, सभासदत्व नाही.

बदलीचा चार्ज

पाळक चार-पाच वर्षांनी जातो, मंदिर सेवक राहतो. त्यामुळे नव्या पाळकाला सगळं त्याच्याच तोंडून कळतं, त्याला हवं तसं. ते टाळायचं तर जाणाऱ्याने चार्ज यादी करून द्यावी: किल्ल्यांची संख्या आणि कुणाकडे, बाप्तिस्मा-लग्न-अंत्यविधी-सभासद रजिस्टरांची शेवटची पानं सह्यांसह, बँकेत कुणाच्या सह्या चालतात, सेवकवर्गाचा तक्ता, उचल बाकी, चालू कोर्टकचेरी. मंडळी स्वतंत्र ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल आणि विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज.

यादीत एक पान तोंडी वचनांचं असू द्या. ‘पुढच्या वर्षी वाढवू’, ‘तुमच्या मुलाला क्लार्क म्हणून घेऊ’, ‘खोलीला पत्रे टाकून देऊ’ अशी वाक्यं प्रत्येक पाळकाने बोललेली असतात. कुणाला, कधी, काय, आणि कमिटीचा ठराव झाला की नाही, हे चार रकाने. ठराव नसलेल्या वचनांपुढे जाणाऱ्याने स्वतः त्या माणसासमोर ‘हे मी बोललो होतो, ठराव नाही’ असं लिहून सही करावी. अवघड बसणं असतं ते, पण येणाऱ्या पाळकाचं पहिलं वर्ष त्यावर वाचतं. येणाऱ्याने तीन महिने बँकेच्या सह्या आणि किल्ल्या सोडून बाकी काही बदलू नये. पहिल्या बुधवारच्या बैठकीत तक्ता समोर ठेवून प्रत्येकाला आपली ओळ स्वतः वाचायला सांगावी, आणि चुकलं असेल तिथे त्यानेच पेन्सिलने दुरुस्त करावं.